पहिल्या लाइव्ह सफारीआधी: वन्यजीव चित्रीकरणाच्या नव्या नोकरीची तयारी, गोव्यातून

ऑफर हातात आली की बहुतेक मुलं पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. कुठला घेऊ, लेन्स किती मिलिमीटरची? हा प्रश्न थोडा लांबणीवर टाका. कॅमेरा कंपनीकडे असतोच. त्यांना माणूस हवा असतो. पहाटे साडेचारला गाडीपाशी हजर असणारा, एका कानात डिरेक्टरच्या सूचना चालू असताना दुसऱ्या कानाने भेकराची हाक ओळखणारा, आणि कॅमेरा कधी वळवायचा नाही हे ज्याला सांगावं लागत नाही असा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत वाढलेल्या मुलामुलींकडे यातलं बरंचसं आधीच असतं. उरलेलं कसं शिकायचं, ते कामाच्या क्रमाने सांगतो.

आधी नोकरी नेमकी कोणती ते समजून घ्या

वन्यजीव चित्रपट आणि लाइव्ह सफारी ही दोन वेगळी कामं आहेत. चित्रपटात महिनोन्‌महिने लपणात, म्हणजे प्राण्यांना दिसू नये अशा आडोशात, बसून शेवटी काही मिनिटं पडद्यावर येतात. चुकलेलं कापता येतं, संगीत चढवता येतं, प्राण्याने तासभर काहीच केलं नाही तरी प्रेक्षकाला ते कळत नाही. लाइव्हमध्ये तो रिकामा तासही प्रेक्षकासमोरच जातो.

या प्रकाराचं सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. वाइल्डअर्थ ही वाहिनी क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या साबी सँड या खासगी राखीव क्षेत्रातून पहाटेची आणि संध्याकाळची सफारी थेट दाखवत आली आहे. पुढे गाइड गाडी चालवतो आणि बोलतो, मागे कॅमेरा ऑपरेटर बसतो. जगभरातले प्रेक्षक प्रश्न पाठवतात आणि गाइड तिथल्या तिथे उत्तर देतो. हे चालतं त्याला कारणं आहेत. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं गेलं, त्यामुळे जनावरं मोकळी फिरतात. झुडपी रान उघडं आहे, गाड्यांना सरावलेला बिबट्या जवळून दिसतो, आणि नियम पाळून गाडी रस्त्याखाली उतरवता येते.

आपल्याकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही दाट जंगलं आहेत. कुळ्याहून जीप सुटतात त्या दूधसागर धबधब्याला जातात, वाघ दाखवायला नाही. म्हणून ‘गोव्यात लाइव्ह सफारी’ असं कुणी सांगितलं तर विचारा, नेमकं काय दाखवणार? खारफुटीतली होडी, पाणवठ्यावरचं लपण, पावसाळ्यातल्या रात्रीचे बेडूक, तळ्यावरचे पक्षी, हे इथे उत्तम होतं. जीपमधून बिबट्या दाखवण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर तो एक तर जंगल ओळखत नाही किंवा प्राण्याला त्रास देऊन दाखवणार आहे. अशा ठिकाणी रुजू होऊ नका.

पद कुठलं आहे तेही स्पष्ट करून घ्या. कॅमेरा ऑपरेटर, गाइड-निवेदक, कंट्रोल रूममधला डिरेक्टर, ध्वनी, नेटवर्क सांभाळणारा तंत्रज्ञ, प्रेक्षकांचे प्रश्न निवडणारा, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. प्रश्न निवडण्याचं काम तर घरी बसूनही करता येण्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथली सहाची सफारी म्हणजे म्हापशात साडेनऊ. जंगलात लगेच जाता येत नसेल तर ही सुरुवात वाईट नाही. कुठला प्रश्न गाइडला खुलवतो आणि कुठला अडवतो, हे तिथे लवकर कळतं.

कागदपत्रं: कंटाळवाणी, पण पहिली

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २८ त्यासाठी आहे. गोव्यात अर्ज पणजीला वन विभागाच्या मुख्यालयात जातो. पर्यटक म्हणून काढलेलं तिकीट म्हणजे चित्रीकरणाची परवानगी नव्हे. मोबाइलवरून लाइव्ह केलं तरी कंपनीसाठी केलेलं काम ते कामच. अर्जात तारखा, नेमकी जागा, माणसांची नावं, गाड्या, सामानाची यादी, दिवे वापरणार का, रात्री थांबणार का, सगळं खरं लिहा. परवानगी मिळाली की तिची प्रत घेऊन त्या परिक्षेत्राच्या वन अधिकाऱ्यांना आधी भेटा आणि वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन करा. वरून परवानगी आली आणि खालच्या माणसाला गेटवर पहिल्यांदा कळलं, तर त्याचा राग रास्तच असतो.

अभयारण्याबाहेरही मोकळीक समजू नका. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, कुणाच्या तरी मालकीचं असतं. देवराई गावाची असते आणि तिथे काय चालतं, काय चालत नाही ते गावचे जाणते ठरवतात. चपला कुठे काढायच्या हे विचारून घ्या, आणि ‘इथे नको’ म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

ड्रोनचा मोह सर्वांत मोठा. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र लागतं. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, मोपाला दुसरा विमानतळ आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. अभयारण्यात वन विभागाने स्पष्ट लिहून दिल्याशिवाय ड्रोन बाहेरच काढू नका. घरट्यावर बसलेल्या धनेशाला वरून घोंघावणारी वस्तू शिकारी पक्ष्यासारखीच वाटते.

परदेशी जायचं असेल तर दोन गोष्टी. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, कंपनी ‘चालतं’ म्हणाली तरी. आणि स्वतःचं सामान नेत असाल तर एटीए कार्ने काढा. भारतात तो फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतो, आणि त्यामुळे सामान तात्पुरतं नेऊन परत आणताना कस्टम्सची कटकट वाचते. लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या असतात. शंभर वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, त्यावर एकशे साठपर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते.

सराव घराजवळ

रुजू होण्याआधीचा महिना गोव्यातच वापरा. रायबंदरहून फेरीने चोडणला जा. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे, पण खारफुटीत हलत्या फांदीआडचा खंड्या फोकसमध्ये ठेवणं ही चांगली परीक्षा आहे. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं असतात. तिथे थवा उडताना पॅन करायला, म्हणजे त्याच्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवायला, शिका. कुंभारजुव्याच्या कालव्यात ओहोटीच्या वेळी मगरी चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, होडीचा प्रत्येक हेलकावा त्यातून कॅमेऱ्यात येतो. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या किंवा कोपर अंगाला टेकवून धरा, आणि मगरीने डोकं उचललं की होडीवाल्याला थांबायला सांगा. ती पाण्यात उतरली म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात. दुर्भाट-बोरीकडे याच मगरीची चिखलाची मूर्ती करून पूजा होते. ही माहिती कॅमेऱ्यापुढे बोलायला जितकी कामाची, तितकीच तिथल्या माणसांशी वागायलाही.

पावसाळ्यात चोर्ला घाट. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो. टॉर्च थेट डोळ्यांवर मारू नका, उजेड कमी ठेवा, फांदी वाकवू नका.

रोज थोडा वेळ कॅमेरा बंद ठेवून ऐका. सांबराची भोंग्यासारखी इशाऱ्याची हाक सहसा उगाच येत नाही. वानराची खोकल्यासारखी हाक कुठल्या दिशेला तोंड करून आली, त्यावर बिबट्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. रानात वाढलेल्या आजोबांबरोबर चार सकाळी काढल्यात तर जे मिळेल ते कुठल्याही अभ्यासक्रमात मिळणार नाही.

हात आणि कॅमेरा

आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम असताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवतात. दुपारच्या उन्हात ते जमवायला लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सेटिंग) लाइव्हमध्ये ऑटोवर कधीच नको, दोन कॅमेऱ्यांचं हिरवं वेगवेगळं दिसायला लागतं. गवताआडच्या प्राण्यावर ऑटोफोकस पात्याला चिकटतो, म्हणून हाताने फोकस करण्याचा सराव इतका करा की रिंग कुठल्या बाजूला फिरवायची याचा विचारच करावा लागू नये. प्राणी चालतोय त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा. तो फ्रेमबाहेर जात असेल तर कधीकधी जाऊ द्या, मागे धावू नका.

चित्रपटासाठी शूट करताना प्रत्येक शॉट कृती सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दहा सेकंद धरून ठेवा. संकलकाला तेवढी जागा लागतेच. प्री-रेकॉर्ड असलेला कॅमेरा असेल तर ते चालू ठेवा, म्हणजे बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही कार्डावर येतात. प्रत्येक ठिकाणी नुसत्या जंगलाचा मिनिटभर आवाज वेगळा रेकॉर्ड करा. रात्री दोन डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि त्या दोन डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका.

गाडीत कॅमेरा टेकवायची बीनबॅग रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर तांदळाने भरा. विमानातलं वजन वाचतं.

गोव्यातली आर्द्रता हा लेन्सचा खरा शत्रू आहे. सामान चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि जेल नियमित वाळवा. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. जुलैत एकदा बुरशी काचेवर धरली की ती साफ करण्याचा खर्च पुढच्या हंगामाच्या कमाईतून जातो.

लाइव्ह: दोन कान, एक प्राणी

कंट्रोल रूममधला आवाज एकाच कानात घ्या. दुसरा कान जंगलासाठी मोकळा हवा, ही सुरक्षेचीही बाब आहे. परत येणाऱ्या आवाजातून तुमच्या गाडीचा स्वतःचा आवाज वगळलेला आहे ना, हे निघण्याआधी तपासा, नाहीतर गाइडला आपलंच बोलणं सेकंदभर उशिरा ऐकू येतं आणि तो अडखळतो.

जोडणीसाठी सहसा अनेक सिमकार्डांचा डेटा एकत्र करणारा एन्कोडर वापरतात. चांगल्या १०८०पी चित्राला पाच ते आठ एमबीपीएस अपलोड सलग मिळायला हवा. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. मोल्यात किंवा नेत्रावळीत एका वळणावर पूर्ण रेंज आणि पुढच्या वळणावर शून्य, असं होतं. म्हणून आदल्या दिवशी त्याच गाडीने, त्याच वेळी, त्याच रस्त्याने जाऊन प्रत्येक कंपनीच्या सिमचा अपलोड मोजा आणि नकाशावर लिहा. सिग्नल जाणारच. तो गेला की कंट्रोल रूम काय दाखवणार ते आधी ठरलेलं हवं. तुम्ही मात्र कॅमेरा थांबवू नका, कार्डावर रेकॉर्ड चालू ठेवा. नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं.

बोलण्याबद्दल. तुम्ही ऑपरेटर असलात तरी कधीतरी माइक तुमच्याकडे येतो. दिसतंय ते आधी सांगा, माहिती नंतर. ‘गवा उभा आहे, कान पुढे, नाक वर, वारा आपल्याकडून त्याच्याकडे आहे’ एवढं पुरे असतं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे हे सांगायला पुढे वेळ मिळेल. ओळख पटली नसेल तर तसं स्पष्ट सांगा, प्रेक्षक त्याने दुरावत नाही. शांततेला घाबरू नका. राज धनेशाच्या पंखांचा फडफडाट पुरेसा बोलका असतो, त्यावर बोललात तर तो वाया गेला. आणि प्राण्याच्या मनात शिरू नका. आई पिल्लाला चाटतेय हे दिसतं. तिला काय वाटतंय ते दिसत नाही.

प्रेक्षक वादाचे प्रश्नही विचारतात. गोव्यातून बोलताना म्हादईच्या व्याघ्र प्रकल्पाचा प्रश्न येणारच. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढं माहीत असू द्या, तेवढंच सांगा. जंगलात राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न त्यात आहे आणि त्यांच्या वतीने गाडीतून मत देणं बरं नाही.

काय दाखवायचं नाही

या लेखातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावलीजवळ, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. गुरं मारली जाणं आणि त्यातून आलेला संताप त्यामागे होता. आपल्या जंगलात माणूस आणि वाघ इतके जवळ आहेत. अशा ठिकाणी ‘आत्ता, या ओढ्याजवळ वाघ आहे’ हे थेट दाखवणं म्हणजे बातमी देणं आहे, आणि ती कोण पाहतंय ते तुम्हाला कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतही शिकारीच्या भीतीने अनेक राखीव क्षेत्रांत गेंड्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवतात.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कंपनीला विचारा. कुठल्या प्राण्यांसाठी प्रक्षेपण काही मिनिटं किंवा काही तास उशिरा होतं? लोकेशनची माहिती फाइलमधून काढली जाते का? एखादं दृश्य तत्काळ तोडायचं असेल तर कुठला शब्द बोलायचा, आणि तो गाडीतल्या सर्वांना बोलायचा अधिकार आहे का? हा अधिकार मागा. डिरेक्टरला पडद्यावर दिसत नाही की मागे दुसरी गाडी लागलीय आणि बिबटीण पिल्लांपासून तुटली आहे. तुम्हाला दिसतं.

फ्रेममध्ये ओळखू येणारे डोंगर, मंदिराचा कळस, मैलाचा दगड, विजेचे खांब टाळा. लेन्स किंचित खाली झुकवली की ओळख जाते. पहिल्या पावसात निघालेल्या मोठ्या बेडकांनाही हेच लागू आहे. गोव्यात त्यांची मांसासाठी बेकायदा शिकार होते आणि टॉर्च घेऊन यायला कुणाला फार वेळ लागत नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हे प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. पिल्लं वाळूतून निघाल्यावर उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून कॅमेऱ्याचा दिवा, मोबाइलची स्क्रीन, गाडीचे हेडलाइट त्यांना समुद्राऐवजी शॅककडे नेतात. वन विभागाच्या रखवालदाराला विचारूनच उभे राहा, पिल्लांच्या आणि पाण्याच्या मधे कधीच नाही. पुरेसा उजेड नसेल तर तो शॉट होत नाही, बस.

याउलट, नीट दाखवल्याने काय होतं तेही लक्षात असू द्या. गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची शिकार माइक पांडे यांनी कॅमेऱ्यात पकडली, आणि २००१ मध्ये त्या माशाला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं.

शरीर सांभाळा

२०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांतून येतो आणि डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, परतल्यावर अंघोळ आणि काखा, कंबर, कानामागे तपासणी. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊन शूट करू नका, आरोग्य केंद्राला आणि वन विभागाला कळवा. जंगलातून आल्यावर ताप चढला तर डॉक्टरांना जंगलाचं आवर्जून सांगा.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन, थेट रुग्णालय. आपल्याकडच्या नाकाड्या चापडा या सापाच्या विषावर नेहमीचं प्रतिविष चालत नाही, तरीही रुग्णालयच गाठायचं. म्हणूनच रात्री जमिनीवरची पानं टॉर्चने न तपासता बसायचं नाही.

क्रूगरच्या भागात मलेरिया आहे, जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि जून-जुलैत उघड्या गाडीत पहाटे इतकी थंडी असते की आपल्यासारख्यांची बोटं आखडतात. फोकस रिंग फिरवता येईल असे पातळ हातमोजे नेलेत तर पहिल्या दिवशी उपकार वाटतील.

करार

सही करण्याआधी लेखी घ्या: दिवसाचे तास किती, विमा तुमचा आणि सामानाचा आहे का, स्वतःचा कॅमेरा वापरला तर त्याचं वेगळं भाडं किती, फुटेजची मालकी कुणाची, आणि स्वतःच्या ओळखीसाठी त्यातल्या काही क्लिप दाखवता येतील का. तोंडी आश्वासन निर्माता बदलला की संपतं. नवीन माणसाला हे विचारायला संकोच वाटतो, पण चांगली कंपनी या प्रश्नांनी रागावत नाही.

पहिला आठवडा

पहिले काही दिवस शक्यतो कॅमेरा न मागता गाइडच्या मागे बसा. तो गाडी कुठे बंद करतो, कुठे मागे घेतो, कुठल्या हत्तीला रस्ता देतो ते पाहा. केबल, बॅटऱ्या, काचा पुसणं ही कामं न सांगता उचला. सफारी संपल्यावर त्याच दिवशी वहीत वेळ, वारा, प्राणी, सिग्नल कुठे तुटला, प्रेक्षकांनी काय विचारलं ते लिहा. दुसऱ्या दिवशीचा डिरेक्टर ही वही मागायला लागेल.

गोव्यात काम असेल तर आणखी एक करा. महिन्याअखेरीस निवडक फुटेज वनरक्षकाला आणि ज्या वाड्यावरून रोज जाता तिथल्या लोकांना दाखवा, शाळेत किंवा देवळाच्या मंडपात, प्रोजेक्टर लावून. जागा ओळखू येणारे शॉट त्यातूनही काढून टाका. लोक बोलायला लागतील: हा गवा नव्हे आमचा, आमच्याकडे येतो त्याचं एक शिंग मोडलंय. ते सगळं लिहून घ्या आणि पुढच्या महिन्याचा अर्ज करताना वन अधिकाऱ्यांना तेही सांगा.